भांडी वाजवली, घंटा वाजवल्या – ऐकलं कुणी?



गटाच्या बैठकीत निवेदन लिहायला घेतलं की कुणीतरी एकजण हमखास म्हणते, "ताई, एवढं करून काय होणार आहे? वरच्यांना करायचं तेच ते करणार." लगेच दुसरी म्हणते, "असं कसं? दहा बाया एकदम गेल्या की साहेबाला उठावंच लागतं." दोघींचंही बोलणं अनुभवाचं असतं. म्हणून आजच्या भागात आम्ही हा प्रश्न जरा लांब नेऊन तपासायचं ठरवलं आहे. पार युरोपात.

एवढं लांब कशाला, असं वाटेल. आपल्या गावातल्या आंदोलनाचा विषय निघाला की त्यात भावकी येते, पक्ष येतो, सरपंच कुणाच्या गटाचा ते येतं. लांबची गोष्ट थंड डोक्याने बघता येते. शिवाय कोरोनाच्या काळात युरोपात एक वेगळीच परिस्थिती होती. आजार एकच, काळ एकच, पण देश अनेक. प्रत्येक सरकारने आपापले नियम केले आणि प्रत्येक ठिकाणी लोक आपापल्या तऱ्हेने रस्त्यावर आले. एकाच पावसात शेजारशेजारच्या वाफ्यांत वेगवेगळं बी पेरावं आणि काय उगवतं ते बघावं, तसंच हे झालं.

काय काय बंद झालं होतं?

आपल्याकडे २४ मार्च २०२० च्या रात्री आठला घोषणा झाली आणि बारापासून देश बंद झाला, हे कुणी विसरलेलं नाही. युरोपात त्याच्या आधी सुरुवात झाली होती. इटलीने ९ मार्चला संपूर्ण देश बंद करत असल्याचं जाहीर केलं. तिथल्या बेर्गामो शहरात मृतदेह इतके झाले की स्मशानभूमी पुरेना. ते दुसऱ्या गावांना न्यायला लष्कराचे ट्रक आणावे लागले. १४ मार्चला स्पेन, १७ मार्चला फ्रान्स आणि २३ मार्चला ब्रिटन बंद झालं.

नियम कडक होते. फ्रान्समध्ये घराबाहेर पडताना कारण लिहिलेला सही केलेला कागद जवळ ठेवावा लागे. पाय मोकळे करायला जायचं तर दिवसातून एक तास आणि घरापासून एक किलोमीटरच्या आत. नियम मोडला तर १३५ युरो दंड, म्हणजे तेव्हाच्या दराने आपले सुमारे अकरा हजार रुपये. स्पेनमध्ये तर लहान मुलांना जवळजवळ सहा आठवडे दाराबाहेर खेळायलासुद्धा जाता आलं नाही. स्वीडनने मात्र घरं बंद केली नाहीत. तिथे गर्दीवर मर्यादा घातली आणि बाकी लोकांच्या समजूतदारपणावर सोपवलं.

ही झाली पहिली पायरी. दुसऱ्या लाटेत रात्रीची संचारबंदी आली. लस निघाल्यावर तिसरी पायरी आली: हॉटेलात, सिनेमाला, रेल्वेत जायचं तर लस घेतल्याचं किंवा तपासणीचं प्रमाणपत्र दाखवा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे निर्बंध सरकारांनी हौसेने घातले नव्हते. दवाखान्यात खाट मिळत नव्हती आणि ऑक्सिजनसाठी रांगा लागत होत्या, ते आपणही पाहिलं आहे. गर्दी टाळल्याने साथ मंदावते आणि लसीमुळे जीव वाचतात, हे खरंच आहे. युरोपात विरोध करणाऱ्यांमध्ये अफवा पसरवणारेही होते. पण दुकान बुडालेला व्यापारी होता, पगार न वाढलेली नर्स होती, उपाशी मुलांसाठी झगडणारे होते, आपल्या हक्कावर गदा आली म्हणून उठलेल्या बायका होत्या. सगळ्यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

साथ आणि सक्ती यांची जोडी आपल्यालाही नवी नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घराघरांत घुसून झडत्या घेतल्या आणि लोक खवळले. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्या साथीसाठी इंग्रजांनी केलेला १८९७ चा साथरोग कायदाच २०२० मध्ये आपल्याकडे पुन्हा वापरला गेला. साथीत शिस्त हवी आणि माणसाची अब्रूही राहायला हवी, ही ओढाताण तेव्हापासून चालत आली आहे.

दोन दिवसांत माघार: सर्बिया

सर्बिया हा पूर्व युरोपातला छोटा देश. २१ जून २०२० ला तिथे निवडणूक झाली. त्याआधी बहुतेक निर्बंध उठवले गेले होते. निवडणूक झाली आणि रुग्ण पुन्हा वाढले. ७ जुलैला राष्ट्राध्यक्ष वुचिच यांनी जाहीर केलं की राजधानी बेलग्रेडमध्ये शनिवार-रविवार संचारबंदी लागणार. लोक चिडले. "मतं मागताना साथ नव्हती, आता कुठून आली?" असा त्यांचा सवाल होता. त्याच रात्री जमाव संसदेत घुसला, दगडफेक झाली, अश्रुधूर सोडला गेला. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांची भाषा बदलली आणि संचारबंदी रद्द झाली.

म्हणजे आंदोलन जिंकलं का? संचारबंदी टळली, हे खरं. पण जमावबंदी आलीच. दहापेक्षा जास्त लोकांनी एकत्र यायचं नाही, असा नियम झाला. पोलीस आणि आंदोलक दोन्हीकडची माणसं जखमी झाली. आणि साथ काही माघार घेणारी नव्हती. लोकांचा मूळ राग होता तो विश्वासाचा. तो प्रश्न तसाच राहिला.

पातेली घेऊन संसदेसमोर: डेन्मार्क

आता हे दुसरं उदाहरण आपल्या बायकांना जवळचं वाटेल. मार्च २०२० मध्ये डेन्मार्कच्या संसदेने घाईघाईने साथीचा तात्पुरता कायदा केला. त्याला एका वर्षाची मुदत होती. मुदत संपायच्या आत कायमचा कायदा करायचा म्हणून सरकारने मसुदा काढला. त्यात आरोग्यमंत्र्याच्या हाती फार मोठे अधिकार होते; गरज पडली तर लोकांना लस सक्तीने देण्याचाही त्यात उल्लेख होता.

नोव्हेंबर २०२० मध्ये लोक कोपनहेगनला संसदेसमोर जमले ते पातेली, तवे आणि पळ्या घेऊन. नऊ दिवस ती भांडी वाजत होती. महागाईविरुद्ध मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांनी मुंबईत काढलेले लाटणं मोर्चे आठवणाऱ्या आजी आपल्यात असतील. भांड्याचा आवाज कुठल्याही देशात समजतो.

पण भांडी एकटी वाजत नव्हती. त्याच वेळी त्या मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या. डॉक्टरांच्या संघटनांनी, कायद्याच्या जाणकारांनी, मानवी हक्कांवर काम करणाऱ्यांनी लेखी आक्षेप पाठवले. विरोधी पक्षही आत बसून तेच बोलत होते. अखेर मसुदा बदलला. फेब्रुवारी २०२१ मध्ये संमत झालेल्या कायद्यात सक्तीची लस नव्हती, आणि मोठे निर्बंध लावायचे तर संसदेच्या समितीला ते थांबवण्याचा अधिकार मिळाला.

इथे लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे वेळ. कायदा अजून ओला होता. ओल्या मातीला आकार देता येतो. भट्टीतून निघालेलं मडकं फक्त फुटतं.

जाळपोळ, कोर्ट आणि फुटलेला बांध: नेदरलँड्स

नेदरलँड्समध्ये २३ जानेवारी २०२१ पासून रात्री नऊ ते पहाटे साडेचार संचारबंदी लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच. पहिल्याच रात्री उर्क नावाच्या मच्छीमारांच्या गावात कोरोना तपासणीचं केंद्र पेटवून दिलं गेलं. पुढच्या काही रात्री आइंडहोव्हन, रॉटरडॅम अशा शहरांत दुकानं फुटली, गाड्या जळाल्या. याचा परिणाम काय झाला? संचारबंदी काही मागे घेतली गेली नाही. उलट ज्यांना संचारबंदी पटत नव्हती, त्यांनाही या लोकांच्या बाजूने बोलणं अवघड झालं.

दुसरीकडे काही लोक कोर्टात गेले होते. १६ फेब्रुवारीला द हेगच्या न्यायालयाने सांगितलं की संचारबंदी ज्या कायद्याखाली लावली तो कायदा अचानक ओढवणाऱ्या संकटासाठी आहे, जसा समुद्राचा बांध फुटावा. इथे तर संचारबंदीवर आधी किती दिवस चर्चा चालली होती. मग संसदेला विचारायला वेळ नव्हता असं कसं म्हणता येईल? संचारबंदी ताबडतोब उठवा. सरकारने त्याच दिवशी वरच्या कोर्टात धाव घेतली आणि संध्याकाळपर्यंत त्या आदेशाला स्थगिती मिळाली. मग सरकारने काही दिवसांत संसदेतून रीतसर नवा कायदा करून घेतला. २६ फेब्रुवारीला वरच्या कोर्टाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. संचारबंदी संपली ती २८ एप्रिलला.

म्हणजे जाळपोळ करणाऱ्यांना काहीच मिळालं नाही. कोर्टात जाणारे शेवटी हरले. तरी त्यांच्यामुळे सरकारला संसदेसमोर यावं लागलं, आपली बाजू मांडावी लागली, मतं घ्यावी लागली. हरलेल्या खटल्यातूनही कधीकधी एवढं पदरात पडतं.

शनिवारचे मोर्चे: फ्रान्स

१२ जुलै २०२१ ला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी जाहीर केलं की हॉटेल, कॅफे, लांब पल्ल्याची रेल्वे अशा ठिकाणी आरोग्य प्रमाणपत्र लागेल. दर शनिवारी मोर्चे निघू लागले. ७ ऑगस्टला सरकारच्याच आकड्याप्रमाणे देशभरात २ लाख ३७ हजार लोक रस्त्यावर होते. दोन दिवसांनी, ९ ऑगस्टला, नियम ठरल्याप्रमाणे लागू झाला.

दुसरा आकडाही ऐका. भाषणानंतरच्या एका दिवसात नऊ लाखांहून जास्त लोकांनी लसीसाठी नाव नोंदवलं. मोर्चात जाणारे दिसतात. रांगेत जाऊन उभे राहणारे तेवढे दिसत नाहीत. सरकारला दोन्ही दिसत होते. पुढे शनिवारची गर्दी हळूहळू ओसरत गेली.

मात्र तिथल्या घटना परिषदेने ५ ऑगस्टला कायदा तपासताना काही भाग काढून टाकला. बाधित माणसाला सरसकट दहा दिवस कोंडून ठेवण्याची सक्ती गेली. ठरावीक मुदतीच्या कामावर असणाऱ्यांना प्रमाणपत्र नाही म्हणून मुदतीआधी काढून टाकण्याची तरतूद गेली. मोठ्या बाजारांनाही प्रमाणपत्राची अट घालता येईल, पण लोकांना गरजेच्या वस्तू मिळाल्याच पाहिजेत, असं परिषदेने बजावलं. मुख्य नियम राहिला, त्याचे टोचणारे काटे काढले गेले.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला: ऑस्ट्रिया

१९ नोव्हेंबर २०२१ ला ऑस्ट्रियाने जाहीर केलं की सगळ्या प्रौढांना लस सक्तीची करणार. दुसऱ्याच दिवशी व्हिएन्नात सुमारे ४० हजार लोकांचा मोर्चा निघाला. तरी कायदा झाला. ५ फेब्रुवारी २०२२ पासून तो लागू झाला. दंड ३,६०० युरोपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या दराने तीन लाख रुपयांच्या आसपास. पण प्रत्यक्ष दंड सुरू व्हायच्या आधीच, ९ मार्चला, सरकारने कायदा स्थगित केला आणि उन्हाळ्यात तो रद्दच करून टाकला.

आंदोलक म्हणाले, आम्ही जिंकलो. सरकार म्हणालं, आता ओमायक्रॉन आला आहे, तो तितका जीवघेणा नाही, त्यामुळे एवढ्या सक्तीचं समर्थन करता येत नाही. दोघांपैकी कुणाचं खरं? आम्हाला वाटतं, इथे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असणार. त्याच महिन्यात, १४ मार्चला, फ्रान्सनेही आपलं लस प्रमाणपत्र थांबवलं, आणि तिथले मोर्चे तोवर ओसरले होते. जिथे मोर्चे मोठे होते तिथेही निर्बंध उठले, जिथे नव्हते तिथेही उठले. पण कावळ्याचं वजन अगदीच नव्हतं, असंही म्हणता येणार नाही. फांदी आधीच वाळलेली असली की थोडं वजनही पुरतं.

म्हणून एखाद्या आंदोलनानंतर काही बदललं की आपण विचारायचं: हे आंदोलनामुळे झालं, की आंदोलनाच्या वेळी झालं?

सह्या आणि मतदान: स्वित्झर्लंड

स्वित्झर्लंडमध्ये विरोधकांचा एक गट गुरांच्या गळ्यातल्या मोठ्या घंटा खांद्यावर घेऊन गावोगाव मोर्चे काढायचा. त्या घंटांचा आवाज दूरवर जायचा. पण तिथे आणखी एक सोय आहे. संसदेने केलेला कायदा पटला नाही तर १०० दिवसांत ५० हजार सह्या जमवायच्या. मग त्यावर देशभर मतदान होतं. आपल्याकडे गावात "आडवी बाटली"साठी बाया सह्या जमवतात आणि मग मतदान होतं, त्याच जातीची ही गोष्ट.

सह्या जमल्या. जून २०२१ मध्ये कोरोना कायद्यावर मतदान झालं आणि सुमारे ६० टक्के लोकांनी कायद्याच्या बाजूने कौल दिला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा मतदान झालं, तेव्हा ६२ टक्के. जून २०२३ मध्ये तिसऱ्यांदाही जवळपास तेवढेच. घंटा मोठ्याने वाजत होत्या, पण घरात गप्प बसलेल्यांची संख्या जास्त निघाली. यात विरोधकांचा अपमान झाला असं आम्हाला वाटत नाही. त्यांचं म्हणणं देशाने तीन वेळा विचारात घेतलं आणि तीन वेळा उत्तर दिलं.

बायका रस्त्यावर आल्या तेव्हा

आता आपल्या अगदी जिव्हाळ्याचा भाग. साथीमुळे जमायला बंदी, आणि नेमका तेव्हाच बायकांच्या आयुष्याचा निर्णय होणार असला तर?

पोलंडमध्ये तसंच झालं. एप्रिल २०२० मध्ये गर्भपाताचा कायदा आणखी कडक करण्याचा प्रस्ताव संसदेत आला. सगळं बंद होतं. बायकांनी शक्कल लढवली. किराणा दुकानाच्या रांगेत दोन-दोन मीटरवर उभ्या राहिल्या, हातात पिशवी आणि छातीवर फलक. कुणी गाडीला, कुणी सायकलला फलक बांधून फिरल्या. पुढे २२ ऑक्टोबरला तिथल्या घटना न्यायाधिकरणाने निकाल दिला की गर्भात गंभीर दोष असला तरी गर्भपात करता येणार नाही. देशात कायदेशीर होणारे बहुतेक सगळे गर्भपात याच कारणाने होत. पाचपेक्षा जास्त लोकांनी जमायला बंदी असतानाही लाखो लोक रस्त्यावर आले. ३० ऑक्टोबरला एकट्या वॉर्सात लाखभर माणसं होती.

सरकारने निकाल राजपत्रात छापायचं लांबवलं, तीन महिने. बायकांना वाटलं, जमलं. पण २७ जानेवारी २०२१ ला तो छापला गेला आणि लागू झाला. मोर्चे हरले, असं तेव्हा वाटलं. मग १५ ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत ७४ टक्क्यांहून जास्त मतदान झालं आणि सत्ताधारी पक्षाचं बहुमत गेलं. आता गोड शेवट झाला म्हणाल, तर तेही नाही. नव्या संसदेत जुलै २०२४ मध्ये कायदा सैल करणारं एक विधेयक अवघ्या तीन मतांनी पडलं. सरकार बदलणं आणि कायदा बदलणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

इंग्लंडमध्ये मार्च २०२१ मध्ये रात्री पायी घरी चाललेल्या एका तरुण स्त्रीला नोकरीवर असलेल्या पोलिसानेच पळवून मारलं. बायकांनी लंडनच्या क्लॅपहॅम कॉमन मैदानावर मेणबत्त्या घेऊन जमायचं ठरवलं. पोलिसांनी कोरोनाचं कारण देऊन नकार दिला. आयोजक बायकांनी कार्यक्रम मागे घेतला, तरी १३ मार्चला शेकडो बायका फुलं घेऊन आल्याच. अंधार पडल्यावर पोलिसांनी काहींना जमिनीवर दाबून धरलं. ते फोटो जगभर गेले. आयोजक बायका कोर्टात गेल्या आणि एका वर्षाने, मार्च २०२२ मध्ये, उच्च न्यायालयाने सांगितलं की पोलिसांनी त्यांच्या हक्कांचा भंग केला. बंदी आहे म्हणून नुसतं "नाही" म्हणून चालणार नाही. काळजी घेऊन जमता येईल का, याचा पोलिसांनी विचार करायला हवा होता.

हेच जर्मनीच्या घटना न्यायालयाने एप्रिल २०२० मध्येच एका शहराच्या बाबतीत सांगितलं होतं, आणि फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने जून २०२० मध्ये. अंतर ठेवायला सांगा, मास्क लावायला सांगा, संख्या ठरवा; पण बोलण्याचं दारच बंद करू नका. साथीतल्या आंदोलनांनी मिळवलेली ही सगळ्यात टिकाऊ गोष्ट असावी.

स्लोव्हेनियातल्या लोकांनी तर दर शुक्रवारी सायकलवरून राजधानीत फिरायचं ठरवलं. सायकलवर अंतर आपोआप राहतं! व्हेंटिलेटर खरेदीतल्या गैरव्यवहाराचे आरोप आणि सरकारचा कारभार यांविरुद्ध हे शुक्रवार दोन वर्षं चालले. एप्रिल २०२२ च्या निवडणुकीत मतदान सुमारे ७० टक्क्यांवर गेलं आणि ते सरकार पडलं.

नेमकं मागितलं, ते मिळालं

शेवटची दोन उदाहरणं लहान आहेत, पण आम्हाला सगळ्यात जास्त शिकवून गेली.

ब्रिटनमध्ये गरीब मुलांना शाळेत फुकट जेवण मिळतं. शाळा बंद झाल्यावर त्याऐवजी कुपन मिळू लागलं, पण उन्हाळी सुट्टीत ते बंद होणार होतं. मार्कस रॅशफर्ड हा फुटबॉलपटू स्वतः लहानपणी त्या जेवणावर वाढलेला. त्याने जून २०२० मध्ये खासदारांना खुलं पत्र लिहिलं. दुसऱ्याच दिवशी सरकारने निर्णय फिरवला. सुमारे १३ लाख मुलांना सुट्टीतही आठवड्याला १५ पौंडांचं कुपन मिळालं. ऑक्टोबरमध्ये सरकारने पुन्हा नकार दिला, तेव्हा दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या, गावोगावच्या हॉटेलवाल्यांनी मुलांना स्वतःहून जेवण द्यायला सुरुवात केली, आणि नोव्हेंबरमध्ये सरकार पुन्हा वाकलं.

फ्रान्समध्ये रोज रात्री आठला लोक खिडकीतून नर्सेससाठी टाळ्या वाजवत. आपणही २२ मार्चला थाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्यांनी पोट भरत नाही, म्हणून १६ जून २०२० ला दवाखान्यातले कर्मचारी रस्त्यावर आले. संघटना सरकारशी बोलणी करायला बसल्या. १३ जुलैला करार झाला: महिन्याला १८३ युरो पगारवाढ, म्हणजे तेव्हाच्या दराने पंधरा हजार रुपयांच्या आसपास. मागणी याहून जास्त होती. तरी हातात काहीतरी आलं.

मग काय शिकायचं?

मैत्रिणींनो, एवढा प्रवास करून आम्ही चार-पाच गोष्टी गाठीला बांधल्या.

एक, मागणी नेमकी हवी. "निर्बंध नकोत" या मागणीला सरकारने दाद दिली नाही. "सुट्टीत मुलांना कुपन द्या" या मागणीला दिली. आपणही "पाण्याचं बघा" असं न लिहिता "वस्तीवरच्या हातपंपाची दुरुस्ती अमुक तारखेपर्यंत करा" असं लिहू.

दोन, वेळ साधायला हवी. गावाचा विकास आराखडा मंजूर होऊन गेल्यावर भांडण्यापेक्षा तो ठरत असताना महिला सभेत आणि ग्रामसभेत बोललेलं लागू पडतं. हरकती आणि सूचनांची मुदत वाया घालवू नये.

तीन, एकाच दारावर थांबू नये. भांडी, लेखी हरकत, कोर्ट, सभागृहातला आपल्या बाजूचा माणूस आणि शेवटी मत, ही सगळी दारं ठोठावावी लागतात. निवेदन दिलं तर त्याची पोच घ्यायची, तारीख वहीत लिहायची, आणि महिन्याने त्याच वहीसह पुन्हा जायचं.

चार, दगड उचलला की आपलं म्हणणं मागे पडतं आणि दगडाचीच चर्चा होते. नेदरलँड्सने ते दाखवलं. सर्बियात दगडफेकीनंतर संचारबंदी गेली हेही खरं, पण जखमा ज्यांना झाल्या त्या त्यांच्याच अंगावर राहिल्या.

पाच, आपण बरोबर आहोत का हेही तपासायला हवं. गर्दी जमली म्हणजे म्हणणं खरं ठरत नाही. लसीविरुद्धच्या मोर्चात माणसं हजारोंनी होती, पण लसीबद्दल तिथे सांगितलं जाणारं बरंच काही खोटं होतं. मागणी लिहिण्याआधी आशाताईला, ग्रामसेवकाला, जाणकाराला विचारावं, आकडे बघावेत.

आणि मोर्चाने काही होतं का, या पहिल्या प्रश्नाचं उत्तर? कधी दोन दिवसांत होतं, कधी तीन वर्षांनी मतपेटीतून होतं, कधी अर्धंच होतं, आणि कधी नुसतं वाटतं की आपल्यामुळे झालं. हे चारही प्रकार ओळखता आले तर निराशही व्हायला होत नाही आणि फसायलाही होत नाही.

पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा आणि दोन प्रश्नांवर बोला. गेल्या पाच वर्षांत आपल्या गटाने कोणकोणती निवेदनं दिली आणि त्यातल्या किती निवेदनांची पोच आपल्या फाइलीत आहे? आणि जे काम झालं, ते आपल्यामुळे झालं की आपण तिथे असताना झालं? उत्तरं केंद्रावर कळवा. निवडक उत्तरं आम्ही कार्यक्रमात वाचून दाखवू.